पाय टेकला, गुण लागला

मोटारसायकल शिकताना पहिला धडा मिळतो तो हा: तोल गेला की पाय टाका. जुन्या गाड्यांच्या ट्रायल्समध्ये नेमकं तेच करायचं नसतं. इथे कुणाला कुणाच्या पुढे जायचं नाही. ओढा, मुळं, शेवाळलेले दगड यांतून एक छोटासा सेक्शन आखलेला असतो. उजवीकडे लाल खुणा, डावीकडे निळ्या. पुढच्या चाकाचा आस सुरुवातीची खूण ओलांडतो तिथपासून शेवटची खूण ओलांडेपर्यंत पाय मोजले जातात. एकदा टेकला तर एक गुण, दोनदा तर दोन. तीनदा टेकला काय नि तीसदा टेकला काय, तीनच. थांबलात, पडलात किंवा खुणेबाहेर गेलात तर पाच. दिवसअखेर ज्याचे गुण सर्वांत कमी, तो पहिला. खडकावर उभा असलेला निरीक्षक बोटं दाखवून गुण सांगतो आणि शून्याला मूठ मिटतो. झाकली मूठ इथे अशी शून्याची असते!

या हिशेबात एक पळवाट आहे. तीन गुण झालेच असतील तर लाज सोडून दोन्ही पायांनी वल्हवत सुटावं, पण थांबू नये. पाचापेक्षा तीन बरे.

गाडीची तयारी हवेपासून सुरू होते. रस्त्यावरच्या टायरला पंचवीस-तीस पौंड हवा लागते. इथे मागे पाच-सहा नि पुढे सात-आठ. बघणाऱ्याला वाटावं, पंक्चर आहे. पण ओल्या दगडावर टायर पालीच्या पंजासारखा पसरायचा तर एवढी कमीच हवी. साधं मीटर इतके खालचे आकडे धड दाखवत नाही, त्यामुळे शून्य ते पंधरा पौंडांचं वेगळं मीटर लागतं. कमी हवेची खोड अशी की जोर लागताच टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूबही फिरते आणि शेवटी वॉल्व्ह मुळातून उपटला जातो. म्हणून टायर रिमला दाबून धरणारा रिमलॉक बसवायचा. वॉल्व्हचा नट मात्र रिमला आवळायचा नाही, टोपणाला टेकवून ठेवायचा. वॉल्व्ह तिरपा दिसला की समजायचं, टायर सरकलाय. नट आवळलेला असेल तर वॉल्व्ह सरळच दिसतो आणि थेट फाटतो.

पण या खेळाचा जीव आहे तो स्लोमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मंद चालीत. इंजिन माणूस चालेल त्यापेक्षा हळू चाललं पाहिजे, बंद मात्र पडता कामा नये. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर बहुतेक अमालचा कार्ब्युरेटर असतो. इंजिन चांगलं तापल्यावर एअर स्क्रू पूर्ण आत घालून दीड फेरा बाहेर काढायचा आणि मग थोडं मागेपुढे करून आवाज जिथे सर्वांत एकसारखा येईल तिथे सोडायचा. आत गेला की पेट्रोल जास्त, बाहेर आला की हवा जास्त. हे करूनही स्लो बसत नसेल तर स्क्रूला दोष देऊ नये. ॲक्सिलेटरबरोबर वरखाली होणारी आतली स्लाइड झिजलेली असते आणि तिच्या कडेने चोरून हवा शिरत असते, नाहीतर स्लोला पेट्रोल पुरवणाऱ्या पायलट जेटचं केसाएवढं भोक कचऱ्याने बुजलेलं असतं. अमालचाच मोनोब्लॉक नावाचा कार्ब्युरेटर असेल तर आणखी एक गंमत. त्याची फ्लोटची, म्हणजे पेट्रोल साठण्याची, वाटी बाजूला असते. त्यामुळे गाडी एका कुशीवर कलली की पेट्रोल चढतं, दुसऱ्या कुशीवर उतरतं. डावीकडे शहाण्यासारखी वळणारी गाडी उजवीकडे वळताना का गुदमरते, याचं उत्तर कित्येकदा इथे सापडतं. बीएसएच्या छोट्या बॅन्टमचं दुखणं निराळंच. तिचे ठिणगी पाडणारे पॉइंट क्रँकच्या टोकाशी असतात. मेन बेअरिंग ढिलं झालं की पॉइंटची गॅप दर फेऱ्याला बदलते. मग कितीही वेळा सेट करा, मिसिंग काही जात नाही.

स्लो टिकवतं ते फ्लायव्हीलचं वजन. कुणी त्यावर जादा कडं बसवतात. फायदा उघड आहे, पण दगडाच्या पायरीवर पुढचं चाक झटक्यात उचलायचं म्हटलं की तेच वजन आळस करतं. थोरल्या सिंगल, म्हणजे एकाच सिलिंडरच्या, इंजिनांचं तर सगळं अवजड. ट्रायल्सचे नामांकित स्वार सॅमी मिलर यांनी एरियल या ब्रिटिश कंपनीची ५०० सीसीची सिंगल गाडी झिजवून, कापून, पोकळ करून सुमारे ११० किलोंवर आणली आणि १९६४ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. त्याच वर्षाअखेर ते स्पेनच्या बुल्टाकोकडे गेले आणि १९६५ ला तीच स्पर्धा हलक्या टू-स्ट्रोकवर जिंकले. ब्रिटिश सिंगलांचा काळ तिथेच सरला. म्हणून तर जुन्या गाड्यांच्या वर्गाची सीमारेषा ‘१९६५ पूर्वी’ अशी पडली.

ही रेषा कागदावर सोपी, प्रत्यक्षात निसरडी. टाकीवर नाव जुनं. आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नवा क्लच, पुढच्या फोर्कच्या नळ्यांत आधुनिक डँपिंग. अशी गाडी सुंदर चालते, यात वाद नाही. पण मग टाकीही नवीच का नको, असं विचारावंसं वाटतं.

ओढ्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक काही क्षण नुसता शोभेचा असतो. पुढचा उतार येण्याआधी वीसेक पावलं ब्रेक हलका दाबून चालवत आत शिरलेलं पाणी सुकवावं लागतं. क्लचचंही तसंच. थंड गाडीच्या प्लेटा चिकटलेल्या असतात. क्लच दाबून दोन-चार किका मारल्या नाहीत तर पहिला गिअर टाकताच गाडी पुढे उडी घेते.

राहता राहिलं वळण. हँडल पूर्ण वळवलेलं, गाडी आत कललेली, अंग मात्र बाहेर. सगळा भार बाहेरच्या फुटरेस्टवर, गुडघे सैल, नजर चाकापासून तीन-चार हात पुढे. जुन्या गाडीचे फुटरेस्ट मुळात रस्त्यासाठी लावलेले, म्हणून ते मागे आणि खाली घेतलेले असतात. तेवढ्याने उभं राहिल्यावर तोल पोटाखाली येतो. ॲक्सिलेटर सोडायचा नाही, ओढायचाही नाही. आणि मध्येच चाकाखालचा एक दगड जरासा हलतो. डोकं सांगत असतं, काही होत नाही. आतल्या बाजूचा पाय तोवर जमिनीकडे निघालेला असतो.