बोधी आणि मनाची तब्येत

मी समुपदेशन करते आणि ध्यानालाही बसते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "बोधी म्हणजे ठणठणीत मानसिक आरोग्यच ना? मग थेरपिस्ट कशाला हवा?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

बोधी, म्हणजे बुद्धांना झालेली ती जागृती, आणि मानसिक आरोग्य, दोन्ही एक नाहीत, असं मला वाटतं. निरोगी कुणाला म्हणायचं, इथेच वाटा फुटतात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड आणि त्याचा सहकारी डॉक्टर ब्रॉयर यांचं हिस्टेरिया या मनोविकारावरचं पुस्तक १८९५चं. त्याच्या शेवटी फ्रॉइड म्हणतो की रुग्णाच्या हिस्टेरियाचं रूपांतर चारचौघांसारख्या दुःखात झालं, तरी पुष्कळ मिळवलं. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातल्या रोगसुत्तात बुद्ध म्हणतात, शरीराने शंभर वर्षं निरोगी राहिलेला माणूस एकवेळ सापडेल; पण आस्रव, म्हणजे मनात खोल मुरलेले मळ, संपलेले सोडले, तर मनाने क्षणभरही निरोगी असलेला मिळणं कठीण. म्हणजे फ्रॉइड ज्याला बरा म्हणून घरी पाठवतो, तो बुद्धांच्या लेखी अजून रुग्णच!

समोरच्याला झोप लागू लागली, कामात मन रमलं, नाती निभू लागली की माझं काम संपतं. त्याचा 'मी' शाबूत राहावा, एवढंच मी बघते. बौद्ध मार्गावर त्या 'मी'चीच झडती असते. माणसाला बांधून ठेवणाऱ्या दहा संयोजनांपैकी, म्हणजे बंधनांपैकी, मान आणि उद्धच्च, म्हणजे मीपणा आणि मनाची चळवळ, अर्हतपदाला, म्हणजे पूर्ण मुक्तीला, पोचल्यावरच सुटतात. त्याच्या एकच पायरी खाली असलेल्या अनागामीलाही ती असतात. त्याला कुठला मानसोपचारतज्ज्ञ औषध लिहून देईल?

पण म्हणून मन सावरण्याची पहिली पायरी गाळता येत नाही. बुद्धांच्या काळातल्या पटाचारा या स्त्रीची कथा बघा. नवरा, दोन मुलं, आईवडील, भाऊ एकापाठोपाठ गेले आणि ती भ्रमिष्ट होऊन विवस्त्र भटकू लागली. लोक तिला हाकलत होते. बुद्धांनी तिला अनित्यतेवर प्रवचन दिलं नाही. आधी म्हणाले, "भगिनी, भानावर ये." ती भानावर आली, लाजून खाली बसली, कुणीतरी अंगावर वस्त्र टाकलं, उपदेश त्यानंतर. ती भिक्षुणी झाली ती आणखी पुढे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी सजगतेवर (माइंडफुलनेस) बेतलेली उपचारपद्धती पुन्हा पुन्हा येणारं नैराश्य रोखायला वापरली. उपयोगी आहे, मीही सुचवते. मात्र तिथे नैराश्य परतलं नाही की उद्दिष्ट पूर्ण. तृष्णेच्या मुळाशी जायला कुणी सांगत नाही. तिला धम्म म्हणणं मला जरा जास्तच वाटतं.

उलट बाजूही आहे. 'मी उरलोच नाही' हा अनुभव साधकाला मोकळं करू शकतो आणि आधीच मोडलेल्या माणसाला भेदरवून टाकू शकतो. विपश्यना हा मानसोपचाराला पर्याय नाही, असं शिबिरांच्या नियमावलीतच लिहिलेलं असतं, पण ते पान कोण वाचतं! तेव्हा गोळ्या चालू असतील तर शिबिराच्या अर्जात तसं स्पष्ट लिहा, आणि जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.