रंगपंचमी, रात्री

दुपारी दोन्ही पोरांना घेऊन तिवंधा चौकातल्या रहाडीवर गेलो होतो. पेशवेकाळातले हे हौद एरवी बुजवून ठेवलेले असतात, रंगपंचमीला रंगाचं पाणी भरून उघडतात. धाकट्यानं नाक दाबून धप्पा मारला. थोरला काठावरच थांबला. "नको बाबा, खोल वाटतंय." म्हटलं, बरं, नको. तेवढ्यात मागून एक काका ओरडले, "अरे, मग बांगड्या भर!" आजूबाजूचे हसले. थोरलाही हसला, आणि मला टोचलं ते त्याचं हसणं.

टोमणा पोराला मारला, पण कमी लेखलं ते बाईला. त्याची आई पहाटे पाचला उठून आमचे डबे भरते आणि सातपूरच्या कंपनीत पॅकिंगला दिवसभर उभी राहते. काकांना तिथे एक शिफ्ट उभं करायला हवं.

घरी हा विषय निघाला तेव्हा दादा म्हणाले, पोरगं हळवं होत चाललंय, साने गुरुजींसारखं. दादांच्या तोंडी ही स्तुती नव्हे. मी म्हटलं, गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती १९३३ साली, आपल्या नाशिकच्याच तुरुंगात, सत्याग्रहाची शिक्षा भोगत असताना. आणि पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसले, जीव पणाला लावून. ऊठसूट डोळ्यांत पाणी येणारा माणूस तो. दादा म्हणाले, "तू वाचतोस फार." थोरला मात्र ताट पुढ्यात तसंच ठेवून ऐकत होता.

खरं सांगायचं तर रडू देणं सोपं आहे. पोरगं रडलं की जवळ घ्यायचं, झालं. अवघड आहे ते भांड्यांचं. रडू दिलं की पोराला काहीतरी मिळतं, भांडी घासायला लावली की त्याची जन्मजात सवलत जाते. त्यात त्याला काही थोर वाटत नाही, नुसता वैताग येतो.

वर पाहुण्यांचं कौतुक! थोरला कणीक मळताना दिसला की, "किती गुणी हो, आईला हातभार लावतो." त्याच वेळी त्यांची स्वतःची मुलगी आमच्या सिंकपाशी सगळ्यांचे कप विसळत असते. तिला कोणी गुणी म्हणत नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ निघाले, बायका ८१. सव्विसांतला एक म्हणून पोराला हार घालायचा असेल तर खुशाल घाला, पण मग त्या मुलीलाही घाला.

आत्ताच थोरला विचारून गेला, उद्याची भांडी धाकट्यावर ढकलली तर चालेल का, परवा पेपर आहे. म्हटलं, आईची उद्या पहिली शिफ्ट आहे, ती कोणावर ढकलायची? तणतणत गेला. आतून दादांचा आवाज आला, "अरे, परीक्षा आहे पोराची!"