ढगाळ रात्र म्हणजे अंधारी रात्र नव्हे

सुओमी एनपीपी हा २०११ साली सोडलेला उपग्रह रात्री दीडच्या सुमारास गोव्यावरून जातो आणि त्याने टिपलेल्या प्रकाशाचे नासाने शुद्ध केलेले आकडे 'ब्लॅक मार्बल' या नावाने कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यांतून प्रत्येक तालुक्याची रोजची सरासरी काढणारी एक छोटी प्रणाली मी फोंड्याला घरी बसून लिहिली. पहिल्याच आलेखात जून उजाडताच सगळा गोवा काळवंडला आणि मी ते खरे मानले, कारण पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते हे कोणालाही सांगावे लागत नाही.

चूक माझ्याच एका ओळीत होती. ढगांमुळे जिथे मोजमापच झालेले नाही, नकाशाच्या त्या चौकोनात आकड्यांच्या मूळ संचात एक ठरावीक खुणेचा आकडा असतो. मी त्या जागी शून्य भरले होते. म्हणजे 'दिसले नाही' याचे मी 'दिवा नव्हता' असे करून टाकले, आणि यंत्राने ते निमूटपणे सरासरीत मिसळले. ही चूक मला फार गंभीर वाटते, कारण असा आलेख पाहून एखाद्या गावाच्या विजेबद्दल कोणीही चुकीचा निष्कर्ष काढू शकेल.

या संचात रिकाम्या जागा भरून दिलेला एक थरही मिळतो, आणि त्याच्या सोबतीला भरलेला आकडा किती दिवसांपूर्वीच्या चांगल्या मोजमापाचा आहे हे सांगणारा दुसरा थर असतो. हा दुसरा थर न उघडता पहिला वापरला, तर जुलैतल्या रात्रीचा म्हणून आपण कदाचित मे महिन्यातला प्रकाश मोजत असतो. चंद्रप्रकाशाची वजाबाकी मात्र नासाने आधीच केलेली असते, त्यामुळे पौर्णिमेची धास्ती उरत नाही.

दिव्यांचा रंगही तपासावा लागतो. उपग्रहावरचे उपकरण साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश टिपते आणि पांढऱ्या एलईडीचा निळा भाग त्याच्या बाहेर पडतो. आमच्या रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे जाऊन एलईडी आले, तेव्हा दारातली तुळस रात्रीही स्पष्ट दिसू लागली. उपग्रहाच्या लेखी मात्र असा रस्ता मंदावलेला ठरू शकतो. शिवाय चवथीच्या संध्याकाळी कितीही रोषणाई केली, तरी दीड वाजेपर्यंत जे दिवे तेवत राहतात तेवढेच त्याच्या वाट्याला येतात.

आता माझ्या तक्त्यात महिन्याच्या प्रत्येक सरासरीशेजारी ती किती निरभ्र रात्रींवरून काढली, याचा रकाना आहे. जुलैत सत्तरी तालुक्याच्या ओळीत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या, म्हणून त्या महिन्याची जागा मी कोरी ठेवली आहे.