साडेचार

माझ्या कामाच्या एका वहीत फेब्रुवारी २०१९ची चार पानं नुसत्या सेकंदांनी भरलेली आहेत. डावीकडे मिशनचं नाव, उजवीकडे लोडिंगला लागलेला वेळ. मोबाइलचं स्टॉपवॉच मांडीवर, कंट्रोलर हातात, पेन कानावर. 'जम्प फोर्स' या व्हिडिओ गेमचं परीक्षण मी असं बसून केलं आणि तेव्हा मला त्याचा भलताच अभिमान होता. बाकीचे 'लोडिंग फार आहे' एवढं लिहून मोकळे झाले होते. मी मोजलं होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'शोनेन जम्प' हे जपानमधलं मांगा, म्हणजे चित्रकथांचं, साप्ताहिक, शुएइशा या प्रकाशनाचं, १९६८ साली सुरू झालेलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याचा एकेक अंक साठ लाखांच्या वर खपायचा. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर शाळेतून आल्या आल्या जे 'ड्रॅगन बॉल झी' आपण बघायचो, ते मुळात या साप्ताहिकातलं. नारुतो, 'वन पीस'चा लुफी, 'ब्लीच'चा इचिगो, सगळे इथलेच. तर या साप्ताहिकाच्या पन्नाशीनिमित्त बंदाई नामकोने सगळ्यांना एकमेकांशी लढवणारा गेम काढला. बनवला स्पाइक चुनसॉफ्टने. सुरुवातीलाच चाळीस लढवय्ये. शिवाय 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार अकिरा तोरियामा यांनी या गेमसाठी मुद्दाम काढून दिलेली नवी पात्रं. कागदावर वाचून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटावं.

गेम आला शुक्रवारी, १५ फेब्रुवारीला. मी तेव्हा पुण्यातल्या एका टेक-साइटसाठी लिहायचो. संध्याकाळी दुकानातून डिस्क आणली. सोमवारी सकाळी परीक्षण लागणार होतं.

बाहेरच्यांना वाटतं की परीक्षक निवांत खेळतो, विचार करतो आणि मग गुण देतो. आमच्याकडे गुण आधी लागायचे. रविवारी दुपारी संपादक मॅडमचा फोन: "आकडा सांग आधी, थंबनेलला टाकायचाय. मजकूर रात्री दे." दुसरी गंमत म्हणजे 'गोष्ट पूर्ण संपवल्याशिवाय लिहायचं नाही' हा आमचा नियम. कादंबरीसारख्या गेमला तो ठीक आहे. फायटिंग गेमला तो लावणं म्हणजे कुस्तीचं वार्तांकन करायला जाऊन आखाड्याची पत्रिका वाचत बसणं. पण नियम तो नियम. दोन दिवसांतला बहुतेक वेळ मी गोष्टीवर घालवला. ऑनलाइन मॅच खेळलो सहा, त्याही रविवारी रात्री डोळे चुरचुरत असताना.

गोष्टीबद्दल काय सांगू! न्यूयॉर्कवर 'ड्रॅगन बॉल'मधल्या फ्रीझा या खलनायकाचा हल्ला होतो, त्यात आपण, म्हणजे रस्त्यावरचा एक सामान्य माणूस, मरायला टेकतो. तिथलाच ट्रंक्स हा वीर एक चौकोनी ठोकळा वापरून आपल्याला वाचवतो आणि आपण वीर होतो. मग एका भल्यामोठ्या तळावर या काउंटरवरून त्या काउंटरवर पळत जायचं, तहसील कार्यालयात फिरतात तसं. मिशन घ्यायचं, लोडिंग. दोन पात्रं समोरासमोर उभी राहून बोलतात, लोडिंग. लढाई. लोडिंग. पुन्हा बोलणं, आणि परत तळावर यायला लोडिंग. लढाई दीड-दोन मिनिटांची आणि तिच्या मागेपुढे थांबणं जवळजवळ तेवढंच. बोलताना कित्येकदा ओठ हलत नाहीत. 'डेथ नोट'चा लाइट यागामी या गोष्टीत आहे, पण त्याला लढायला घेता येत नाही. लग्नातल्या मामासारखा तो मध्येमध्ये येऊन गंभीर चेहऱ्याने काहीतरी सांगून जातो.

चेहऱ्यांवर मी दोन परिच्छेद लिहिले होते आणि ते आजही मला मान्य आहेत. अनरियल इंजिन फोर हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरून त्यांनी कातडीला चकाकी आणली, कापडाला वीण आणली. पण मांगातलं तोंड हे मुळात कागदावरचं खोटं असतं. 'ड्रॅगन बॉल'चा नायक गोकू, त्याचे केस समोरून एक आकार, बाजूने दुसरा. चित्रकार दर चौकटीत सोयीप्रमाणे फसवतो आणि वाचक आनंदाने फसतो. वर्षभर आधी आर्क सिस्टम वर्क्सने 'ड्रॅगन बॉल फायटरझी'त हेच ओळखलं होतं. मॉडेल त्रिमितीच, पण हालचाल मुद्दाम तुटक ठेवलेली, हाताने काढलेल्या चित्रांसारखी. 'जम्प फोर्स'ने उलट केलं. लुफीचे वाटोळे डोळे खऱ्या प्रकाशात ठेवले आणि तो शोकेसमधल्या बाहुल्यासारखा दिसायला लागला. शोभला फक्त केनशिरो, कारण 'फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार'ची चित्रं मुळातच रग, स्नायू आणि सावल्यांची होती. हे निरीक्षण माझं स्वतःचं. ते कुणी वाचल्याचं मात्र मला कधी दिसलं नाही. व्हिडिओ करणाऱ्या आमच्या पोराला फक्त वेडेवाकडे चेहरे हवे होते. 'हसण्यासारखे पाच काढून दे' म्हणाला.

लढण्याबद्दल मी सहा ओळी लिहिल्या. त्यातली एक अशी: "लढतींत खोली नाही, बटणं बडवत राहिलं तरी निभावतं." तीन जणांची टीम, पण तिघांत मिळून रक्ताची एकच पट्टी, म्हणजे कुणाला वाचवून ठेवायची अक्कल लढवायला नको. एक बटण दाबून ठेवलं की चार खास वार समोर हजर. सगळं खरं होतं. गुण दिले दहापैकी साडेचार. जगातले बहुतेक परीक्षकही फार खूश नव्हते. सगळ्यांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर सरासरी शंभरपैकी साठच्या आत रेंगाळली. आपलं बरोबर आलं की परीक्षकाला जे सुख होतं, ते मला सोमवारी दिवसभर होत होतं.

रात्री साडेदहाला एक मेसेज आला. मुलगा कोल्हापूरचा. "सर, राग नका मानू. पण गेम खेळलाय का नुसता बघितलाय? ऑनलाइन रूम करतो, या."

शिव्या खाणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे. लोक आकडा वाचतात, खालचं वाचत नाहीत आणि आईबहिणीवर येतात. हा मुलगा मात्र 'सर' म्हणून बोलावत होता. गेलो.

मी गोकू, नारुतो आणि लुफी घेतले, सगळे घेतात तसे. त्याने पुढे आणला रियो साएबा. 'सिटी हंटर'मधला हा माणूस, हातात पिस्तूल, अंगात कुठली दैवी शक्ती नाही. बाकीचे ग्रह फोडणारे आणि हा कोट घालून उभा. मला हसू आलं.

पहिली मॅच हरलो तेव्हा वाटलं, नेट. पण पुणे ते कोल्हापूर अंतर ते किती, आणि त्याचे वार जिथे बसायला हवेत तिथेच बसत होते. तिसरी हरल्यावर मी बटणं बडवणं सोडून त्याच्याकडे बघायला लागलो. तो काही करतच नव्हता. मागे सरकायचा, एखादी गोळी मारायचा, थांबायचा. मी त्वेषाने अंगावर झेपावायचो. पुन्हा झेपावायचो. आणि मग तो मला धरायचा आणि संपवायचा.

पाचवी हरल्यावर त्याने माइक चालू केला.

"सर, खालचा गेज बघताय का?"

"कुठला?"

"तोच. उडी घेऊन जवळ जायला तोच लागतोय, आणि कॉम्बोतनं सुटायला पण तोच. तुम्ही सगळा पळण्यात उडवताय. रिकामा झाला की मी येतोय."

मी दोन दिवस त्या गेजकडे, म्हणजे हालचालीची ताकद किती उरली ते दाखवणाऱ्या पट्टीकडे, पाहिलंच नव्हतं. गोष्टीतल्या मिशनमध्ये ती गरजच पडत नाही. कॉम्प्युटर आपल्याला कॉम्बोत, म्हणजे लागोपाठच्या वारांत, असा धरतच नाही, की सुटायची वेळ यावी. जे शिकायला समोर माणूस लागतो ते मी एकट्याने स्टॉपवॉच लावून तपासायला गेलो होतो. सहावीत गेज राखून खेळलो तर तो माझा बचाव फोडून पकडायला लागला. पकडीसाठी थांबलो तर लांबून गोळ्या. दहाव्या मॅचला माझ्या एका वाराने त्याची पट्टी निम्म्यावर आली आणि मी खुर्चीतून उठलो. मग त्याने मलाच गेज उडवायला लावला. कसा, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

दहा शून्य. "चांगलं खेळलास भावा," तो म्हणाला. 'सर' सुटलं होतं आणि मला ते बरं वाटलं.

तरी माझं परीक्षण चुकलं असं मी म्हणणार नाही. ते चेहरे, ते थांबणं, ती कंटाळवाणी गोष्ट, सगळं होतंच. विकत घेणाऱ्या दहांपैकी नऊ जण त्या गेजपर्यंत पोचायच्या आधीच डिस्क विकून टाकतात. तिथपर्यंत नेणं हे गेमचंच काम असतं. तो मुलगाही दोनेक महिन्यांत थांबला, रात्री मॅचला माणूस मिळेना म्हणून. आमच्यासारख्यांनी साडेचार दिल्यावर माणूस मिळणार कुठून, असं तो म्हणाला नाही. मलाच ते मनात आलं. जम्प साप्ताहिकात कुठली मालिका टिकणार ते वाचकांनी पाठवलेल्या पोस्टकार्डांवरून ठरत आलंय. तिथे निदान हजारो लोकांची मतं असतात. आमच्या थंबनेलवर रविवारी दुपारी फोनवर सांगितलेला एक आकडा होता.

फेब्रुवारी २०२२मध्ये गेमची डिजिटल विक्री थांबली, तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. २४ ऑगस्टला बहुतेक ऑनलाइन सोयी बंद झाल्या, क्रमवारीच्या मॅचही गेल्या. आता उरलंय ते एका टीव्हीसमोर दोघं बसून खेळणं आणि क्रमवारीशिवायच्या ऑनलाइन मॅच, एवढंच. साइटवर माझं परीक्षण अजून आहे. नव्या डिझाइनमध्ये प्रत्येक जुन्या लेखाखाली आपोआप एक चौकट येते: "घ्यावा का? – नाही." घ्यायला गेलं तर जुन्या डिस्कच्या बाजारात शोधावा लागेल.

मध्ये मॅडमना विचारलं, त्या लेखातलं एक वाक्य बदलू का? 'लढतींत खोली नाही'च्या जागी 'सहा मॅचमध्ये मला खोली दिसली नाही'.

"सहाच खेळला होतास?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग राहू दे तसंच."