तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं बघून सवय होते का?

अग्निशमन दलातून निवृत्त झालोय हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच, "काका, एवढं सगळं बघून सवय होत असेल ना?"

आगीची होते. मदतीची वर्दी आली, घंटा झाली की पाय आपोआप बंबाकडे वळतात. धूर, पाठीवरचा बीए सेट (धुरात श्वास घ्यायचं हवेचं नळकांडं आणि मुखवटा), अंधारात भिंत चाचपत सरकणं, सगळं अंगवळणी पडतं. मेलेल्या माणसाची सवय होत नाही, आणि लहान मूल असलं तर नाहीच नाही. लोक आगीचं विचारतात; मला जास्त छळतात त्या इमारत कोसळल्याच्या वर्द्या. ढिगाऱ्याखालून आवाज येत असतो आणि मग तो येईनासा होतो. जळक्या वायरचा वास तर आजही नको वाटतो. घरात मिक्सर जळला तरी मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.

आम्हाला सावरलं ते अग्निशमन केंद्रानं. परत आल्यावर होज (पाण्याचे पाइप) धुवायचे, वाळत घालायचे, मग चहा, आणि कधीतरी कुणीतरी बोलायला लागायचं. ऐकणारा त्याच धुरातून आलेला, त्याला काही समजावावं लागायचं नाही. घरी मात्र तोंडाला कुलूप. (बायकोला कळायचंच.)

म्हणून दुर्घटनेनंतर सगळ्यांना सक्तीनं एकदा बसवून बोलतं करायचं, हे मला पटत नाही. तशा एका बैठकीनं पुढचा आजार टळत नाही, असं अभ्यासांतही दिसलंय. सुरुवातीला झोप उडणं, दचकणं साहजिक आहे. पण महिना उलटूनही तेच दृश्य डोळ्यांपुढे येत असेल, दारू वाढली असेल, तर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक आजार, असू शकतो. तिथं चहा पुरत नाही, डॉक्टर लागतो. त्यावर चांगले उपचार आहेत.

दर १४ एप्रिलला आम्ही १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जणांना मानवंदना देतो. द्यायलाच हवी. तिथून जे जिवंत परतले, त्यांचं पुढं काय झालं हे मात्र मला कुणी कधी सांगितलं नाही.

परवा विचारणाऱ्या ताईंचा मुलगा नुकताच भरती झालाय. त्यांना म्हटलं, ड्युटीवरून आला की लगेच खोदून विचारू नका, जेवायला वाढा, जवळ बसा. आणि १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर त्याच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा. चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फोन केल्याचं साहेबांना कळत नाही, हेही सांगा. जवानाला पहिली भीती तीच असते.