सादळलेला प्रोब

ह्यूस्टनला राहायला आल्यापासून इथल्या दमट हवेची मला सवय झाली आहे, कारण माझे लहानपण कोकणात गेले आणि सादळलेले पापड व न पेटणारी काड्यापेटी या गोष्टी माझ्या ओळखीच्याच आहेत. बार्बेक्यूच्या थर्मामीटरचा पोलादी प्रोबही (तापमान मोजायला मांसात खोचायची नळी) तसाच सादळू शकतो, हे मात्र मला एक पोर्क शोल्डर, म्हणजे डुकराच्या खांद्याचे मांस, वाया जाता जाता वाचले तेव्हा कळले.

माझ्याकडे दोन प्रकारची साधने आहेत. एकात वेणीसारख्या विणलेल्या पोलादी केबलचे दोन प्रोब एका ट्रान्समीटरला जोडलेले असतात आणि तो ट्रान्समीटर घरातल्या रिसीव्हरकडे तापमान पाठवतो. दुसरा प्रोब पूर्णपणे बिनतारी आहे. त्याची बॅटरी आणि ब्लूटूथ नळीच्या आतच बसवलेले आहेत. त्या शनिवारी पहाटे 225 अंश फॅरनहाइटला स्थिरावलेल्या स्मोकरमध्ये (धुरावर मंद आचेत मांस शिजवायच्या भट्टीत) मी आठ पौंडांचा तुकडा ठेवला आणि केबलचा प्रोब त्यात खोचला. फ्रिजमधून नुकताच काढलेला तुकडा 40 अंशांच्या जवळपास असायला हवा होता, पण रिसीव्हर 74 दाखवत होता. तुकडा थोडा वेळ बाहेर राहिला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि तिथेच माझी चूक झाली. दुपारी 203 अंशांचा गजर वाजला तेव्हा मांस हाताला अजून रबरासारखे घट्ट लागत होते. हातातल्या झटपट थर्मामीटरने तपासले, तर आकडा 168 निघाला. पोर्क शोल्डरच्या बाबतीत अशा चुकीमुळे जेवणाला उशीर होतो, एवढेच. त्या जागी चिकन असते आणि मी 165 अंशांच्या गजरावर विश्वास ठेवून ते आतून कच्चेच वाढले असते, तर गोष्ट एवढ्यावर थांबली नसती.

दुसऱ्या दिवशी मी प्रोब उकळत्या पाण्यात धरला. ह्यूस्टन समुद्रसपाटीच्या जवळ असल्यामुळे इथे पाणी जवळजवळ 212 अंशांनाच उकळते (पुण्यात हीच चाचणी केली, तर उंचीमुळे साधारण 98 अंश सेल्सिअस, म्हणजे 208 फॅरनहाइट, हा आकडा बरोबर मानावा लागेल). प्रोबने 214 दाखवले. दोन अंशांचा फरक चालण्यासारखा आहे, म्हणून प्रोब ठीक आहे असे ठरवून मी ट्रान्समीटरलाच दोष देऊ लागलो. केवळ कुतूहल म्हणून नंतर एका पेल्यात काठोकाठ बर्फाचा चुरा भरला, फटी भरतील एवढे पाणी ओतले आणि प्रोबचे टोक पेल्याला न टेकवता मधोमध धरून ठेवले. तिथे 32 यायला हवे होते आणि आले 70. त्याच ट्रान्समीटरला जोडलेल्या केबलच्या दुसऱ्या प्रोबने त्याच पेल्यात 33 दाखवले, तेव्हा ट्रान्समीटर निर्दोष ठरला.

हा प्रकार समजून घेण्यासाठी विद्युतरोध मोजणारा मल्टिमीटर काढावा लागला. अशा प्रोबच्या टोकाशी थर्मिस्टर असतो आणि तापमान वाढते तसा त्याचा विद्युतरोध कमी होतो. माझ्या चांगल्या प्रोबचा रोध बर्फात सुमारे 330 किलोओहम भरला आणि उकळत्या पाण्यात सातच्या आसपास. सादळलेल्या प्रोबचा रोध मात्र बर्फात 120 किलोओहमच होता. नळीत शिरलेला ओलावा दोन तारांच्या मध्ये विजेला एक चोरवाट करून देतो. रोध त्यामुळे कमी भरतो आणि उपकरणाला वाटते की टोक गरम आहे. थंडीत थर्मिस्टरचा स्वतःचा रोध मोठा असल्यामुळे ही चोरवाट लगेच उघडी पडते, तर उकळत्या पाण्यात त्याचा रोध इतका लहान होतो की थोड्या गळतीने विशेष फरक पडत नाही. ओलाव्याचा संशय असेल तर उकळत्या पाण्याची चाचणी फसवते आणि बर्फाची चाचणी खरे सांगते, हे मला इतक्या उशिरा उमगले. स्मोकरमध्ये तासन्‌तास वाफ आत शिरत राहिली की ही गळती वाढत जाते, म्हणून तिथे 168 चे 203 झाले होते. रोध मोजताना केबलच्या प्लगच्या दोन्ही टोकांना बोटे लागू देऊ नयेत, कारण अंगाचा रोधही याच पट्टीत येतो. मी पहिली दोन मापे अशीच वाया घालवली.

पाणी शिरते ते बहुधा केबल पोलादी नळीला जिथे दाबून बसवलेली असते, त्या सांध्यातून. विणलेली केबल वातीसारखी पाणी ओढते, आणि मी तर प्रत्येक वेळी प्रोब केबलसकट सिंकमध्ये बुडवून घासत होतो. तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवून काहीही उपयोग झाला नाही. बंद नळीतले पाणी तांदूळ कुठून शोषणार! शेवटी ओव्हन 250 अंश फॅरनहाइटवर तापवला, प्रोब आणि बहुतेक केबल जाळीवर ठेवली, आणि प्लगचे प्लास्टिक वितळू नये म्हणून तो टोकाचा भाग दाराच्या फटीतून बाहेर काढून ठेवला. एका तासानंतर बर्फात 52 आले, तीन तासांनंतर 33. सांध्यावर सिलिकॉन लावण्याचा मोह झाला होता, पण आत उरलेला ओलावा तिथेच कोंडला जाईल आणि तो भाग अन्नाजवळ येतो, म्हणून मी ते टाळले.

बिनतारी प्रोबला मात्र हा उपाय करायचा नाही. त्यात बॅटरी आहे, आणि माझ्या प्रोबच्या मांसात खोचायच्या भागाची मर्यादाच 212 अंशांची आहे. त्याचे दुखणेही वेगळे होते: चार्जरमध्ये ठेवूनही तो चार्ज होत नव्हता. चार्जिंगच्या धातूच्या टोकावर धूर, चरबी आणि दव यांचा चिकट थर बसला होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसला, चार्जरच्या आतली पट्टीही पुसली, आणि काम झाले.

ट्रान्समीटरच्या काचेखाली धुके साचले होते, कारण तो रात्रभर अंगणात राहिला होता. बॅटऱ्या काढल्या, चार स्क्रू उघडले, स्प्रिंगवरचा हिरवट गंज दातांच्या जुन्या ब्रशने अल्कोहोल लावून साफ केला आणि ट्रान्समीटर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवला.

आता प्रोब धुताना मी फक्त पोलादी नळी ओल्या फडक्याने पुसतो, सांधा मांसाच्या बाहेर राहील इतकाच प्रोब खोचतो आणि ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या केबलला मध्ये खाली झोळ देतो, म्हणजे पावसाचे किंवा वाफेचे पाणी तिथून खाली ठिबकते. स्मोकर पेटवण्याआधी बर्फाचा पेला ठरलेला आहे. गेल्या रविवारी त्याच जुन्या प्रोबने त्यात 39 दाखवले आणि तो पुन्हा ओव्हनमध्ये गेला.