बारावीचं प्रॅक्टिकल आणि खारपाणपट्ट्यातलं पाणी

फेब्रुवारीतली बोर्डाची प्रॅक्टिकल परीक्षा झाली तरी एका पोरीची टेस्टट्यूब माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिली, म्हणून लिहितोय. आमचं ज्युनिअर कॉलेज पूर्णेच्या खोऱ्यात आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला हा खारपाणपट्टा, इथं बोअरचं खारट पाणी तोंडात धरवत नाही. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड (मिठातला एक घटक) लिटरमागे २५० मिलीग्रॅमपर्यंत असावं असं भारतीय मानक सांगते, आमच्याकडं चव घेतली तरी कळते की हिशोब कुठं गेलाय.

लॅबमध्ये पाण्यातले क्षार काढणारं डिस्टिलेशनचं मशीन आहे पण कॉइल जळालेली, दुरुस्तीचा अर्ज ऑफिसात पडून. म्हणून बॅटरीत टाकायच्या डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणतो. त्या दिवशी कॅन पहिल्याच बॅचला संपला आणि अटेंडंट काकांनी वॉशबॉटल नळाला लावून भरल्या. त्यांना काय बोलणार, एकटा माणूस तीन लॅब सांभाळतो, फिजिक्सवाले तिकडून हाका मारतात ते वेगळंच.

मला हे सगळं नंतर समजलं. ते समजलं ते तिच्यामुळं.

परीक्षेत एक अनोळखी सॉल्ट देतात, त्यातला धन आयन आणि ऋण आयन (ॲनायन) टेस्ट करून ओळखायचा. तिला निकेल नायट्रेट आलं होतं. कॉपर टर्निंग्स टाकून कॉन्संट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिडसोबत तापवलं, तपकिरी गॅस आला. नायट्रेटची खूण असलेली ब्राउन रिंगपण सुरेख, दोन थरांच्या मध्ये बांगडीसारखी. इथं बाकीचे थांबतात, निकेलसाठी डीएमजी (डायमिथाइलग्लायॉक्झाइम) टाकून लाल अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, दाखवतात आणि मोकळे होतात. हिनं मात्र ओएसमध्ये (सॉल्टच्या मूळ द्रावणात) डायल्यूट नायट्रिक टाकून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले आणि दह्याच्या कवडीसारखा पांढरा अवक्षेप. अमोनियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर तो विरघळला, म्हणजे क्लोराइड पक्कं.

मला म्हणे, "सर, नायट्रेटबी येऊन रायलं न क्लोराइडबी, एकाच सॉल्टमधी दोन ॲनायन कसे?"

मी इंटर्नल, म्हणजे कॉलेजचाच परीक्षक, उत्तर सांगू शकत नव्हतो. म्हटलं, "तूच पाहा बाई." तिनं थोडा वेळ विचार केला, मग धुतलेल्या ट्यूबमध्ये सॉल्ट न टाकता नुसतं वॉशबॉटलचं पाणी घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं. तसाच पांढरा अवक्षेप! "सर, हे तर पाण्यातच हाय, आमच्या घरच्या बोअरवानी." आणि तिनं पेपरवर ते जसंच्या तसं लिहिलं: क्लोराइड पाण्याचं, सॉल्टमध्ये नायट्रेट.

ब्लँक घेणं, म्हणजे सॉल्टशिवाय तीच टेस्ट करून पाहणं, आपण पोरांना नीट शिकवतच नाही हो, सिलॅबस पळवतो. तिला ते आतून सुचलं. मला अक्षरशः भरून आलं.

एक्स्टर्नल सर (बाहेरून आलेले परीक्षक) पेपर पाहून म्हणाले, "एवढं कशाला लिहिलं, उत्तर एका ओळीचं आहे." मी त्यांना ट्यूबसमोर उभं करून परत टेस्ट दाखवली. त्यांना पटलं, माणूस वाईट नाही, पण त्यांना चार वाजता दुसऱ्या सेंटरला पोचायचं होतं. तिला सॉल्टचे पूर्ण मार्क दिले.

मग मी त्या बॅचचे सगळे पेपर चाळले. पाणी सगळ्यांना तेच होतं, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट टाकलं असतं तर प्रत्येकाला पांढरं दिसायलाच पाहिजे होतं. आणि बाकी प्रत्येकाच्या टेबलमध्ये क्लोराइडसमोर 'नो प्रेसिपिटेट', म्हणजे अवक्षेप नाही. कोणी टेस्ट केलीच नाही, रंग पाहून सॉल्ट ओळखलं आणि उरलेला रकाना भरला. सॉल्टचे पूर्ण मार्क त्यातल्याही बहुतेकांना. ३० मार्कांच्या प्रॅक्टिकलमध्ये जिनं डोळ्यांनी पाहिलं तिला आणि ज्यांनी पाहिलंच नाही त्यांना एकच भाव. पोरांवर राग नाही काढत मी, कोचिंगमध्ये त्यांना सॉल्टची यादीच पाठ करून देतात, आणि त्या यादीनं मार्क मिळतात हेही खरंच आहे.

ह्या वर्षी अकरावीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मी नुसत्या पाण्यावर सगळ्या टेस्ट करायला लावल्या. दोघा-तिघांनी विचारलं, "सर, हे परीक्षेत येते काय?" म्हटलं, नाही येत, तरी करा. सिल्व्हर नायट्रेट महाग पडतं म्हणून ऑफिसातून विचारणा झालीये, त्याचं उत्तर लिहून द्यायचं अजून बाकी आहे.